जाऊन का येत नाही, हे विचारलंत म्हणून

मी परदेश पाहतो तो घरी बसून, माहितीपटांत. मग तिथे जाऊन का येत नाही, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला माझ्या साळ्यानं. "भाऊजी, दिवसरात्र तो मंगोलिया पाहून राहिले तुम्ही. पासपोर्ट आहे, पेन्शन आहे, मंग जाऊन काहून नाही येत?" त्यानंतर शेजाऱ्यांनी विचारला, जुन्या सहकाऱ्यांनी विचारला, दात काढताना दातांच्या डॉक्टरनंही विचारला. तेव्हा मला त्याला उत्तर देता येणं शक्यच नव्हतं आणि ते फार बरं वाटलं.

गुडघे, पैसे, घरी म्हातारी आई ही कारणं मी देतो. तिन्ही खरी आहेत. पण तिन्ही असताना लोक काशी-रामेश्वर करून येतातच, तेव्हा ती बाजूला ठेवू.

पूर्वी माझ्याकडे जोरदार उत्तर होतं. साळा स्वित्झर्लंडला जाऊन आला होता. युंगफ्राऊयोखला, 3,454 मीटर उंचीवर, आगगाडीनं गेला, बर्फाचे गोळे फेकले, वर जेवणही आपलंच जेवला. मी त्याला ऐकवलं, अकरा दिवसांत एका तरी स्विस माणसाच्या घरात बसलास का? मी बसलो आहे. उत्तर मॅसिडोनियातल्या एका ओसाड गावात, हातिजे नावाच्या बाईच्या झोपडीत. डोळ्यांनी अधू, अंथरुणाला खिळलेली तिची आई मी पाहिली आहे. मध काढताना 'अर्धा तुमचा, अर्धा माझा' असं ती माश्यांना सांगते, ते ऐकलं आहे. चित्रीकरण करणाऱ्यांनी त्या 'हनीलँड' माहितीपटासाठी तीन वर्षं घालवली, 400 तासांचं फुटेज जमवलं आणि 2019 मध्ये ते माझ्या खोलीत आणून ठेवलं. तीन वर्षं एका बाजूला, तुझे अकरा दिवस एका बाजूला. सांग, प्रवास कोणी केला?

साळा गप्प बसला. मला वाटलं, जिंकलो.

खरं सांगायचं तर त्यात सगळंच खोटं नव्हतं. मे महिन्यात नागपुरात दुपारी एक ते पाच माणूस घरातच कोंडलेला असतो. असाच एकदा कूलरसमोर बसून मी गोबीच्या वाळवंटातल्या उंटिणीचा 2003 चा माहितीपट पाहत होतो. बाळंतपणाला फार त्रास झाला म्हणून ती आपल्या पांढऱ्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही. पिल्लू आलं की लाथ मारते. मग घरातली दोन पोरं उंटांवर बसून दूरच्या गावातून वादक आणतात. घोड्याचं डोकं कोरलेलं, दोन तारांचं ते वाद्य आधी उंटिणीच्या वशिंडाला नुसतं अडकवून ठेवतात, आणि वाऱ्यानंच ते घुमायला लागतं. मग वादन, बाईचं गाणं, आणि उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी. कूलरमधलं पाणी संपून मोटर कोरडी घरघरत होती, तरी मी उठलो नाही. त्यातल्या धाकट्या पोराला मात्र उंटिणीपेक्षा टीव्ही हवा असतो, आणि शेवटी त्याच्या तंबूवर अँटेना बसतो. तो तिकडे टीव्हीसाठी हटून बसलेला, आणि मी इकडे टीव्हीत त्याला पाहत बसलेलो.

आता ते सांगतो, जे साळ्याला सांगितलेलं नाही.

2014 साली एका युरोपीय वाहिनीसाठी काम करणारे दोघं मारबतीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं, चित्रण करायला नागपुरात आले. आमचं घर इतवारीत, मिरवणुकीच्या वाटेवर. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचो, म्हणून ओळखीतून दुभाषा ठरलो. पैसे नको म्हणालो. आयुष्यभर ज्यांचं काम पाहिलं त्यांच्यासोबत चार दिवस, यापेक्षा काय पाहिजे होतं मला?

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आई ओट्यावर बसलेली. काळी आणि पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे पुढाऱ्यांना टोमणे मारायला केलेले पुतळे, यायला वेळ होता. त्या दोघांतल्या बाईंनी कॅमेरा लावला, घरातला फ्रिज बंद करायला लावला, कारण त्याचा आवाज येत होता, आणि आईच्या मागचा प्लास्टिकचा निळा ड्रम हलवला. तो मीच हलवला. मग विचारलं, मारबत तुमच्यासाठी काय आहे?

आई म्हणाली, "आता काय सांगू, गुडघे दुखते म्हणून इथूनच पाहतो. लहानपणी बाबाच्या खांद्यावर बसून जायची. मले त्या बडग्यांवरचे बोर्ड वाचाले लई मजा येते. एकेका पुढाऱ्याले असे शेकते ना बाप्पा! मागच्या साली कांद्यावर होतं, मी पदर तोंडाले लावून हसली. आन् मंग जिलेबी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नम्र, थोडं थकलेलं हसू होतं. त्या हजारो मैलांवरून आल्या होत्या आणि त्यांच्या हाती काय आलं, तर कांदा आणि जिलेबी. मला आईची लाज वाटली. हे लिहायला अकरा वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो: मला आईची लाज वाटली. मी इंग्रजीत म्हणालो, "ती सांगते आहे की गावातली सगळी रोगराई, सगळं दुःख ही देवी आपल्या अंगावर घेते आणि गावाबाहेर जाते. म्हणून आम्ही तिला रडत निरोप देतो."

बाईंचे डोळे चमकले. आईनं मला विचारलं, "एवढ्या लवकर सांगून झालं?"

आता माझी बाजू ऐका. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ही आरोळी शेकडो लोक देतात, ती काही मी शोधली नाही. रोगराई आहे, गावाबाहेर नेऊन जाळणं आहे. खोटं काय सांगितलं? रडत निरोप, तेवढं खोटं. कोणी रडत नाही. ढोलताशात नाचतात.

वर्षभरानं लिंक आली. बावन्न मिनिटांच्या फिल्ममध्ये आई पस्तीस सेकंद. तिचा आवाज "आता काय सांगू, गुडघे" इथपर्यंत येतो, मग तो खाली जातो आणि वर एका तरुण बाईचा गंभीर, सुरेल इंग्रजी आवाज चढतो. माझी वाक्यं. आईनं विचारलं, "ही काय बोलून राहिली?" मी म्हणालो, "तूच बोलली ते. गुडघे, बाबा, बोर्ड, जिलेबी." म्हणजे एकदा इकडून तिकडे खोटं नेलं, एकदा तिकडून इकडे खरं आणलं, आणि दोन्ही वेळा मीच.

दोन वर्षं आईनं ती फिल्म येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली आणि मी प्रत्येक वेळी जिलेबीपर्यंत भाषांतर केलं. मग एका दिवाळीत कॉन्व्हेंटमध्ये जाणारी माझी पुतणी शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, ती तर वेगळंच सांगते आहे." आणि शब्दन्शब्द सांगितलं. अगदी चांगलं भाषांतर केलं पोरीनं. माझ्याहून चांगलं.

आई बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग मी बोलली ते कुठं गेलं?"

तिनं मला एका शब्दानं रागावलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी माहितीपट वेगळे पाहतो. पडद्यावरचा माणूस बोलायला लागला की कॅमेऱ्याच्या मागे, चौकटीबाहेर, माझ्यासारखा कोणीतरी घाम पुसत उभा असेल असं वाटतं. 'हनीलँड'ची हातिजे जुन्या वळणाची तुर्की बोलते आणि करणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी पहिलं संकलन नुसत्या चित्रांवर केलं. हे कळल्यावर मला आधी धक्का बसला, मग हेवा वाटला. निदान मध्ये कोणी मास्तर नव्हता. आणि 1922 मधल्या, बर्फातल्या इन्यूट शिकाऱ्यावरच्या त्या आद्य माहितीपटातला 'नानूक'? त्याचं खरं नाव अलाकारियालाक. बंदूक वापरणाऱ्या माणसाला भाला घ्यायला लावला, आणि आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं. अर्ध्या घरात कुटुंब उघड्या थंडीत झोपेचं नाटक करतं. हे सगळं माहीत असूनही वॉलरसची शिकार आली की मी पुढे सरकून बसतो. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालनं भारतावर केलेल्या आणि बीबीसीनं दाखवलेल्या मालिकेवरून आपलं सरकार इतकं चिडलं होतं की 1970 मध्ये बीबीसीला दिल्लीतलं कार्यालय बंद करावं लागलं. तो राग मी वर्गात पोरांना हसत हसत सांगायचो. आता हसत नाही. पण बरोबर होता, असंही म्हणत नाही.

तर मग जात का नाही? कारण गेलो तर मीच ती कॅमेरावाली बाई होणार. कोणाच्या तरी ओट्यासमोर उभा राहून, कांदा-जिलेबी ऐकून, नम्र हसणार. हे एक उत्तर झालं. दुसरं असं की मला भीती वाटते. विमानाची नाही, परक्या गावात रात्री आठ वाजता कुठे जेवावं हे कळत नाही त्या वेळेची. पहिलं उत्तर मी दुसरं झाकायला तयार केलं आहे का, हे मलाही नक्की सांगता येत नाही. पासपोर्ट एकदा एकही शिक्का न पडता संपला. त्याचं नूतनीकरण केलं, तोही कोराच आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती अजूनही फिल्म लावायला सांगते. पण आपली पस्तीस सेकंदं आली की म्हणते, "आवाज बंद कर," आणि मुक्या चित्रावर स्वतः बोलते. दर वेळी वेगळं. मागच्या पोळ्याला तर तिचं सांगून होईपर्यंत फिल्म संपून दुसरंच काही सुरू झालं होतं, कुठलीतरी टोमॅटोची शेती, तरी ती थांबली नाही.

काल साळ्यानं अझरबैजानमधल्या बाकूच्या सात दिवसांच्या सहलीचं पत्रक पाठवलं. मी म्हणालो, "बघतो."

"तेच तर करून राहिले तुम्ही," तो म्हणाला.