गाडी तापते अन् एसीही गार करत नाही? गॅस भरायच्या आधी हे बघा

एसी गार करत नाही आणि टेंपरेचरचा काटाही वर चढतो, अशा दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पुढच्या जाळीतून हवा नीट जात नाही. एसीचा कंडेन्सर इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. एसीनं गाडीतून ओढलेली उष्णता तो हवेत सोडतो आणि तीच तापलेली हवा मागे रेडिएटरवर येते. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच ४२-४३ अंश असतं, त्यात सात सीटच्या गाडीत नऊ माणसं आणि लग्नाचं सामान. हवा जरा कमी पडली की दोन्ही एकदम अडतात. शिवाय बऱ्याच गाड्यांत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ठरावीक तापमानाच्या वर गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बंद करतो. आपल्याला वाटतं एसी गेला. मग गॅस वाढवून घेतला जातो, आणि जादा गॅसनं हाय साइडचं (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूचं) प्रेशर चढून कॉम्प्रेसरचा इंजिनवर आणखी जोर पडतो. म्हणून आधी इंजिन, मग एसी.

गाडी नेमकी कधी तापते, हे धरून चला. लातूरला गंजगोलाईच्या गर्दीत तापते, हवा कोमट येते, पण मोकळ्या रस्त्यावर ६०च्या वेगात दोन्ही ठीक होतं? मग फॅन बघा. उभी असताना ठीक, पण चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना काटा वर जातो? मग पाणी फिरण्यात अडथळा आहे, किंवा जाळी गच्च भरलेली आहे.

फॅन तपासायला गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला हवा. दोन असतील तर दोन्ही. फक्त जोरातच फिरतो आणि हळू फिरतच नाही, तर फॅनचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जळालेला असू शकतो. काडीनं टोचल्यावर सुरू होतो, तर मोटारीचे कार्बन (ब्रश) संपले. मोटार नुकतीच बदलली असेल तर एक कागद पुढच्या जाळीला लावून बघा. तो चिकटायला हवा. उडून पडला तर वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन हवा पुढे ढकलतोय. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. जुन्या डिझेल गाड्यांत पट्ट्यावरचा, आत घट्ट तेल भरलेलं कपलिंग असणारा व्हिस्कस फॅन असतो. गरम इंजिन बंद करून तो हातानं फिरवा. मोकाट गरगर फिरला तर कपलिंग गेलं. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असेल तर तेही बसवा, नाहीतर फॅन आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो.

जाळीचं म्हणाल तर आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस आणि उसाचं पाचट हे सगळं कंडेन्सरवर बसतं. पुढून दिसतं ते धुतलं जातं. खरा गाळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. वरचे नट काढून कंडेन्सर जरा पुढे ओढा, पाइपांना ताण न देता. मग इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर जाळीचे बारीक पत्रे वाकतात आणि दुखणं वाढतं.

आता पाणी. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला. ते साधारण १ बारच्या आसपास प्रेशर धरतं, म्हणूनच कूलंट शंभरच्या बरंच वर जाईपर्यंत उकळत नाही. वरचा होज कडक गरम आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका, नवा बसवा. बोअरचं पाणी तर मुळीच नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरे थर धरतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिश्रण घ्या. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा आणि हळूहळू ओता, म्हणजे आतली हवा निघते.

रबरी पाइप थंड इंजिनावरही टणक लागतात, टाकीत सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसतं? मग हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याची शक्यता मोठी. गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. लाल खुणेला काटा लागला किंवा वाफ दिसली की इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला बाक येतो.

हे सगळं ठीक असूनही गारवा कमी असेल तरच गॅसवाल्याकडे जा. त्याआधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा; हवेचा झोतच कमी असेल तर दोष बहुधा तिथेच. आर-१३४ए या एसीच्या गॅसचं इंजिन बंद असतानाचं प्रेशर ४० अंशाला साधारण १३० पीएसआय दिसतं, पण आत थोडा द्रव शिल्लक असला तरी एवढंच दिसतं, त्यामुळे त्यावरून गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही. एसी चालू असताना दोन्ही गेज कमी, तर गॅस गळतोय. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी दाबाची बाजू) जास्त आणि हाय साइड कमी, तर कॉम्प्रेसर थकलाय. दोन्ही जास्त, तर पुन्हा फॅन-जाळी किंवा जादा गॅस. गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, आतली हवा आणि ओल काढण्यासाठी निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावायला सांगा, आणि बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजन करून भरून घ्या. मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या गाडीला गॅस जास्त लागतो, आणि गळती त्या कॉइलच्या लांब पाइपातही असू शकते. तो पाइप गाडीखालून जात असेल तर दगड लागून चेपलाय का, तेही वाकून बघा.