भिजलेली वही

मी एमएच्या पोरांना रिसर्च मेथड्स शिकवते, आणि एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये जाऊन, बसून त्यांचं जगणं टिपणं, आली की वर्गात बडबड करण्यापेक्षा बॅच उचलून सरळ पहाटे ससून डॉक गाठते. मुंबईतला १८७५ चा मासळीचा धक्का, अजून चालू. यावेळी चौदा जण होते, निम्मे झोपेत. फोटो काढायचे नाहीत, प्रश्नांची यादी घेऊन कुणाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, हे दहादा बजावलेलं. तरी दोघांनी फाइल आणलीच.

लिलाव आटपत आला होता. कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, त्यांच्यात एक मुलगी जाऊन बसली आणि दहा मिनिटांत तिची वही बर्फाच्या पाण्याच्या टबात. वर शाईपेन! हल्ली कोण वापरतं, पण ही वापरते. पानं निळी झाली, पोरगी रडायच्या बेतात.

मग टपरीवर कटिंग पीत तिला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं सांगितलं. आपल्याच मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या घुर्यांकडे शिकलेले, १९४८ ला म्हैसूरजवळच्या खेड्यात राहून काम केलं आणि १९७० ला स्टॅनफर्डमध्ये कुणीतरी आग लावली त्यात नीट लावलेल्या नोट्सच्या तिन्ही कॉपी गेल्या, शेवटी आठवणीवर पुस्तक लिहिलं. ती म्हणते, "मॅडम, ते श्रीनिवास होते, माझं उद्या सबमिशन आहे."

आठवेल ते आत्ताच लिही म्हटलं. बिलाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत बसली.

दुसऱ्या दिवशी नोट्स वाचल्या. फाइलवाल्या दोघांनी एकाच मावशीला रोजची कमाई विचारलेली, आकडे वेगळे. साहजिकच आहे, फाइल दिसली की माणूस ऑफिसातलाच वाटतो. हिच्याकडे कमाईचा आकडाच नाही. पण मावशी बोलताना हात थांबत नाहीत, बोटांना चिंध्या गुंडाळल्यात, आणि टब भरला की ती कोळंबीचं एक डोकं गुडघ्याशी मांडून ठेवते, मुकादमाचा हिशोब वेगळा, तिचा वेगळा, हे सगळं होतं. हे यादीतल्या कुठल्या प्रश्नात बसवणार?

शेवटची ओळ परतीच्या लोकलची होती. लेडीज डब्यात समोरच्या बाईने नाकाला पदर लावला आणि पुढच्या स्टेशनला उठून दुसरीकडे जाऊन बसली.

मी हिच्या शेजारीच होते. मला दिसलंच नव्हतं.