यंदा स्टेज नाही, यंदा पाठ

आज माझ्या कोच सरांना सांगून टाकलं, या सीझनला मी बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरत नाहीये. माझा गट मेन्स फिजिक, त्यात गुडघ्यापर्यंतच्या बोर्ड शॉर्ट्स घालून उभं राहायचं असतं त्यामुळे मांड्या झाकल्या जातात पण पाठ कुठे झाकणार, समोरून खांदे आणि ॲब्ज बघून पब्लिक शिट्ट्या मारतं आणि मागे वळलो की अख्ख्या लाइनमध्ये सगळ्यात अरुंद मीच दिसतो. मागच्या शोनंतर जज पण हेच म्हणाले, वरची पाठ बरी आहे पण लॅट, म्हणजे काखेखालून कंबरेकडे जाणारा पाठीचा रुंद स्नायू, खाली कंबरेकडे उतरत नाही. आता हे कटिंगमध्ये, म्हणजे शोआधी कमी खाऊन फॅट उतरवताना, भरून निघणारं काम नाहीये. कटिंगमध्ये आहे ते मसल टिकवलं तरी मिळवलं, नवीन बांधायचं तर पोटभर खावं लागतं आणि महिनोन्‌महिने द्यावे लागतात.

दुपारी सरांनी सीटेड रोचं, म्हणजे बसून केबल पोटाकडे ओढायच्या व्यायामाचं, वजन सरळ निम्म्यावर आणलं. मला वाटलं आज हलका दिवस. मग ते मागे उभे राहिले, काखेच्या खाली बरगडीपाशी बोट टेकवलं आणि म्हणाले, हात विसर, कोपर खिशाकडे ने आणि माझं बोट ढकल. पहिले काही रेप्स काहीच नाही, सगळं बायसेपच ओढत होतं, आणि मग एकदम तिथे काहीतरी आवळलं गेलं आणि सर म्हणाले हां, हे. इतक्या कमी वजनाला पाठ अशी पेटलेली मी कधी अनुभवली नव्हती. पाठीचा प्रॉब्लेमच हा आहे, छाती-दंड आरशात दिसतात म्हणून आपोआप होतात, पाठ दिसत नाही, ती जाणवावी लागते.

दादाला मात्र पटलेलं नाही. त्याचं म्हणणं चूक पण नाही, माझं पोट सकाळच्या पीटी (पर्सनल ट्रेनिंग) क्लायंट्सवर चालतं आणि क्लायंट येतात ते ट्रेनरचे ॲब्ज बघून. ऑफ सीझनला चार-पाच किलो वर गेलो की चेहरा भरतो, ॲब्ज पुसट होतात, इन्स्टावर टाकायला फोटो नाही. पण शोच्या आठवड्यातली बॉडी वर्षभर ठेवायचीच नसते. फॅट एवढं खाली गेलं की लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचं मेंदूला सांगणारं हार्मोन, पडतं, टेस्टोस्टेरॉन पडतं, झोप उडते, डोक्यात दिवसभर जेवणच. गेल्या प्रेपच्या, म्हणजे शोच्या तयारीच्या, शेवटी पर्वतीच्या पायऱ्या चढताना पाय थरथरायचे आणि तशातच क्लायंटला हसून मोटिवेट करायचं. मला खरंच वाटतं की क्लायंटला ट्रेनरचं हे भरलेलं रूप पण दिसायला हवं, नाहीतर तोही स्वतःकडून बारा महिने स्टेज कंडिशनच मागत बसतो.

आणि तो दुसरा रस्ता. जिममध्ये कोणी ना कोणी हळूच विचारतंच, स्टेरॉइडचा एक कोर्स मार ना, पाठ येऊन जाईल. येईल पण, खोटं नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयाची भिंत जाड होते, आणि हे सगळं आरशात दिसत नाही. आपले बॉडीबिल्डर मनोहर आइच १९५२ मध्ये मिस्टर युनिव्हर्समध्ये त्यांच्या उंचीच्या गटात जिंकले, उंची पाच फुटांच्या आत, आणि २०१६ मध्ये गेले तेव्हा वय १०४. मला तसं लांब चालणारं करिअर हवंय. चोविसाव्या वर्षी घाई कसली.

त्यामुळे आता जेवण वाढलं. प्रोटीन तेवढंच, किलोला दोन ग्रॅमच्या आसपास, वाढवला तो भात. रात्री आईने वरण-भातावर तूप वाढलं आणि मी नको म्हणालो नाही, तिने दोनदा विचारलं बरं आहे ना रे तुला. आठवड्यात दोनदा पाठ, पुलअप्स आधी, पोझिंग चालूच ठेवायचं, मागून व्हिडिओ काढून दर रविवारी सरांना पाठवायचा. उद्या सकाळच्या बॅचला एक नवीन काकू येणार आहेत, गुडघ्याचा त्रास आहे म्हणाल्या, त्यांना बॉक्स स्क्वॉटपासून, म्हणजे मागच्या बॉक्सवर बसून उठण्यापासून, सुरू करतो.