आमची वाटचाल : भोसरीतल्या लेथपासून निर्वात कक्षापर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथ आणि एका रेडियल ड्रिलवर ते सुरू केलं. तेव्हा काम एकच होतं, दुचाकी आणि रिक्षांच्या पार्टचं जॉबवर्क. बुश, स्पेसर, पिना असा माल हजारांच्या लॉटमध्ये जायचा आणि भाव पैशांत ठरायचा. आजही आमचं निम्मं बिलिंग त्याच कामाचं आहे. त्या कामाने पगार निघतात, म्हणून दुसरं काम हिमतीने घेता येतं. दुसरं काम म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्रयोगांना लागणारे निर्वात कक्ष, म्हणजे आतली हवा उपसून काढता येईल असे बंद कक्ष, आमच्या भाषेत व्हॅक्यूम चेंबर.

सुरुवात एका प्राध्यापकांच्या ड्रॉइंगने झाली. त्यांना प्रयोगासाठी स्टेनलेस स्टीलचा चेंबर हवा होता, परदेशातून मागवायला ग्रँट पुरत नव्हती. आम्ही हो म्हणालो, ते मुख्यतः आमच्या वेल्डरच्या भरवशावर. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात विजेच्या ठिणगीने करायच्या वेल्डिंगमध्ये, त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. पण हे काम नुसत्या हाताचं नव्हतं. प्राध्यापकांच्या ओळखीचे एक निवृत्त शास्त्रज्ञ आमच्याकडे येऊ लागले. आयुष्यभर त्यांनी व्हॅक्यूमचंच काम केलं होतं. सर येऊन लेथजवळ स्टूल टाकून बसायचे आणि मामांच्या शेजारी राहून शिकवायचे.

मामांचा पूर्वीपासूनचा शिरस्ता होता, मजबुतीसाठी सांधा आतूनही आणि बाहेरूनही वेल्ड करायचा. टाकीसाठी ते उत्तमच. सरांनी सांगितलं, इथे तसं चालणार नाही. दोन शिवणींच्या मध्ये चिमूटभर हवा अडकते आणि आतल्या शिवणीच्या एखाद्या बारीक छिद्रातून ती महिनोन्महिने चेंबरमध्ये झिरपत राहते. बाहेरून कितीही तपासा, भोक सापडत नाही, कारण आरपार भोक नसतंच. म्हणून वेल्ड एकच, तोही निर्वाताच्या बाजूने, पूर्ण जाडी वितळवणारा. बाहेरून आधार द्यायचाच असेल तर तुटक टाके, सलग शिवण नाही. आतल्या आंधळ्या भोकात बोल्ट बसवायचा असेल तर बोल्टलाच मधून छिद्र पाडायचं, म्हणजे तळाशी कोंडलेल्या हवेला वाट मिळते. हे शिकल्यावर मामा ड्रॉइंग वाचताना कुठे हवा अडकेल ते आधी शोधू लागले. आता नव्या मुलांना ते हीच नजर देतात.

मग शॉपची रचना बदलली. स्टेनलेससाठी वेगळा बंदिस्त बे केला. तिथे लोखंडाचं ग्राइंडिंग अजिबात नाही आणि गंधक किंवा क्लोरीन असलेलं कटिंग ऑइलही नाही. धुतलेल्या भागाला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाचा ठसा म्हणजे तेलाचा साठा. पितळेची वस्तू आत जाता कामा नये, गरम झाल्यावर तिच्यातलं जस्त उडून सगळीकडे बसतं. फ्लँजवर, म्हणजे दोन भाग बोल्टने जोडायच्या चकतीवर, एक धारदार कड असते, ती मधल्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये (कड्यात) रुतते आणि त्यातून सील होतं. त्या कडेवर एक ओरखडा आला तरी फ्लँज बाद. म्हणून मशीनवरून उतरला की त्यावर लगेच टोपण बसतं. आमच्याकडे त्या टोपणांचा हिशेब फ्लँजइतकाच काटेकोर ठेवतात.

सगळ्यात मोठा खर्च हेलियम लीक डिटेक्टरचा. चेंबरमधली हवा उपसायची, बाहेरून सांध्यांवर हेलियमची बारीक धार फिरवायची आणि आत हेलियम पोचतो का ते यंत्र सांगतं. हेलियमच का? त्याचा अणू लहान, तो कशाशी संयोग करत नाही आणि हवेत तो दहा लाखांत जेमतेम पाच भाग असतो. त्यामुळे यंत्राला दिसला तो बहुतेक आपणच सोडलेला. या यंत्रासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, यातून दर तासाला किती नग निघतात? यातून नग निघत नाहीत, भरवसा निघतो, हे त्यांना पटवायला बराच काळ गेला. पण यंत्र आलं आणि आमच्या कामाची पायरी बदलली. आता चेंबरबरोबर लीक टेस्टचा रिपोर्ट जातो, धातूचं हीट नंबरसहित (तो कुठल्या वितळणीतला, त्या क्रमांकासह) सर्टिफिकेट जातं, कुठला सांधा कोणी वेल्ड केला तेही लिहून जातं.

भोसरीसारख्या ठिकाणच्या वर्कशॉपला जगातल्या मोठ्या प्रयोगांशी काय देणंघेणं, असं मला लोक विचारतात. या प्रयोगांचा व्यवहार कसा चालतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. बरेच देश आपला वाटा रोख रकमेऐवजी तयार वस्तूंच्या रूपात देतात. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या फ्यूजन (अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पात भारत सात भागीदारांपैकी एक आहे. त्याचं क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या यंत्राला वेढणारं सुमारे 3,850 टनांचं स्टेनलेसचं निर्वात पात्र, भारताच्या वाट्याला आलं. लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधल्या हजीऱ्यात त्याचे 54 भाग बनवून जहाजाने पाठवले आणि तिकडे आपल्याच माणसांच्या देखरेखीखाली ते जोडले गेले.

त्याआधी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रासाठी, भारताने 7,080 जॅक दिले. तिथला एकेक मुख्य चुंबक 15 मीटर लांब आणि तिसाहून जास्त टनांचा, आणि तो ज्या तीन जॅकवर बसतो ते त्याला 0.05 मिलिमीटरच्या अचूकतेने हलवू शकतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने ते डिझाइन केले आणि भारतातल्याच कारखान्यांत ते तयार झाले. देशाने तेवढ्या किमतीचा चेक दिला असता तर सर्नचं काम कदाचित अडलं नसतं. आपल्या माणसांच्या हातात मात्र काही आलं नसतं. विज्ञानातल्या सहकार्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते ती यासाठी.

आता आमच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा विषय. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आपण ज्योतिर्लिंगासाठी ओळखतो. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या टकरींतून अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा होणार आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन वेधशाळांनी पहिली लहर पकडली. पुढच्या फेब्रुवारीत ती बातमी जाहीर झाली आणि आठवड्याभरातच केंद्र सरकारने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची अंतिम मंजुरी आली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या प्रा. संजीव धुरंधर यांच्यासारखे शास्त्रज्ञ तर या लहरी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून, गोंगाटातून त्यांचा ठसा कसा वेचायचा याचं गणित मांडत होते.

इथेही वाटणी वस्तूंचीच. लेझर, आरसे आणि ते टांगण्याची व्यवस्था हे मुख्यतः अमेरिकेकडून, आणि जागा, इमारती व निर्वात यंत्रणा आपल्याकडून. म्हणजे निर्वात हाच आपला वाटा! काटकोनात दोन बाहू, म्हणजे लेझर ज्यातून जातो त्या निर्वात नळ्या, प्रत्येक 4 किलोमीटरचा. अमेरिकेतल्या वेधशाळांत या नळीचा व्यास सुमारे 1.2 मीटर आहे आणि पत्रा जेमतेम 3 मिलिमीटरचा, म्हणून हवेच्या दाबाने ती चेपू नये यासाठी बाहेरून ठरावीक अंतरावर रिंगा आहेत. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाचा साधारण एक लाख कोटींवा भाग. इतक्या खाली गेल्यावर पंपाला खरा विरोध स्टीलमध्येच मुरलेल्या हायड्रोजनचा असतो. म्हणून तिथे नळी बनवण्याआधी पत्रा भट्टीत तापवून हायड्रोजन काढला गेला आणि बसवल्यावर नळीतूनच वीज सोडून ती गरम करून भिंतींवरचं पाणी उडवलं गेलं. हे सारं कशासाठी, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल लेझरने टिपताना वाटेत वायूचे रेणू आड येऊ नयेत म्हणून.

एकमेकांपासून दूर अशा जितक्या वेधशाळा, तितकी लहर आकाशात कुठून आली ते नेमकं सांगता येतं. ऑगस्ट 2017 मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर पकडली गेली, तेव्हा इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेची माहिती जोडल्यामुळे शोधायचं क्षेत्र सुमारे 28 चौरस अंशांवर आलं आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. औंढ्याची वेधशाळा या जाळ्यात आली की शोधायचं क्षेत्र आणखी आवळेल.

लायगोसाठी आम्ही अजून काही बनवलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. बाहूंच्या नळ्या मोठ्या कंपन्यांचं काम आहे. पण पोर्ट, नोझल, फ्लँज, बेलोजचे (घडीच्या लवचिक नळ्यांचे) सांधे, तपासणीची फिक्स्चर अशी कितीतरी छोटी कामं त्याखाली येतात आणि त्यांची तयारी आम्ही करून ठेवली आहे. नळीभोवती आपोआप फिरून सांधा जोडणारं ऑर्बिटल वेल्डिंगचं मशीन घेतलं, लांब भाग तपासता येतील अशी जागा मोकळी केली. अडचण पैशांच्या चक्राची आहे. एका सरकारी ग्राहकाकडून आमचं बिल वर्षभर अडकलं होतं, चेंबर तिकडे चालू होऊनही. ते वर्ष दुचाकींच्या बुशांनी तारून नेलं. लहान कारखाने या कामात टिकावेत असं वाटत असेल तर टेस्ट पास होताच ठरलेला हप्ता मिळालाच पाहिजे. माझी एवढीच मागणी आहे आणि ती मी प्रत्येक बैठकीत मांडतो.

सध्या शॉपमध्ये मराठवाड्यातून आलेली आयटीआयची मुलं आहेत, त्यात हिंगोलीकडचेही आहेत. टिगमध्ये पाठीमागून आर्गनचा पर्ज, म्हणजे हवा हटवणारा झोत, कसा द्यायचा, शिवण आतून काळी का पडते, हे मामा त्यांना तुकडे कापून दाखवतात. शनिवारी दुपारनंतर एक बेंच आम्ही बाहेरच्या शिकाऊ वेल्डरांसाठी मोकळा ठेवतो. पत्र्याचे तुकडे, आर्गन आणि लीक टेस्ट आमच्याकडून, फी काही नाही. आसपासच्या वर्कशॉपनी आपली मुलं जरूर पाठवावीत.