तुरटीचा एकच खडा

साखर कारखान्यात मी पॅनवर होतो, चिकोडी तालुक्यात. व्हॅक्युम पॅनमध्ये, म्हणजे आतली हवा ओढून घेतलेल्या बंद भांड्यात, पाक साधारण ६५ ते ७० अंशांवर उकळतो. तो नेमका दाट झाला की बारीक दळलेल्या साखरेची स्पिरिटमधली स्लरी आत सोडायची. तेच बी. पुढचं सगळं काम ते बी पोसण्याचं. पाक जास्त ओढला गेला, म्हणजे फारच दाट झाला, तर मधेच नवे, नको असलेले दाणे पडतात. त्याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणायचो. काचेवर नमुना घेऊन उजेडात धरला की ती बारीक धूळ लगेच दिसते. मग पाणी देऊन ती विरघळवायची.

आता खानापुरात नातीला घेऊन तुरटीचे खडे वाढवतो. तिथंही नियम तोच: नवा दाणा पडू द्यायचा नाही, आपण निवडलेलाच वाढला पाहिजे.

तुरटी बेळगावच्या रविवार पेठेतून आणतो. न्हाव्याकडे असते ती, पोटॅश तुरटी. पाणी निवळायला म्हणून कधी कधी ॲल्युमिनियम सल्फेट देतात, त्याचे असे खडे होत नाहीत. साध्या पाण्यात पोटॅश तुरटी १०० मिलीला १२ ते १४ ग्रॅमच राहते, गरम पाण्यात कितीतरी जास्त. म्हणून अर्धा लिटर पाणी तापवून त्यात १०० ग्रॅम विरघळवायची, कापडातून गाळायची आणि थोडं द्रावण पसरट बशीत ओतून ठेवायचं.

बशीत खडे धरले की खरं काम सुरू होतं. नातीच्या हातात भिंग देतो. दोन चिकटलेले नकोत, पोटात पांढुरकेपणा असलेला नको, कोपरा मोडलेला नको. आठ त्रिकोणी बाजू स्वच्छ दिसणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा एकच घ्यायचा. खडा मोठा झाला म्हणून बियातला दोष नाहीसा होत नाही, उलट वाढतो. निवडायला अख्खी संध्याकाळ गेली तरी मला ती कारणी लागली असं वाटतं.

बांधायला गळाची बारीक नायलॉन दोरी घ्या. सुती दोऱ्याच्या तंतूंवर नवे खडे धरतात. उरलेलं द्रावण पूर्ण निवलं पाहिजे, कोमट असलं तर बी विरघळून नुसती गाठ उरते. सोडल्यावर उजेडात बघा. खड्याखालून पाण्यात रेघा खाली उतरताना दिसल्या तर तो विरघळतोय, लगेच बाहेर काढा.

बरणीवर कागद बांधून ती आतल्या खोलीत ठेवा. इथल्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली की पाणी उडत नाही. उन्हाळ्यात दुपारी खडा झिजतो नि रात्री तळाशी बारीक पीक येतं. गळीत हंगामाचे, म्हणजे ऊस गाळायचे थंडीतले महिने सगळ्यात चांगले. ‘आज्जा, वाढला काय?’ म्हणून नात रोज विचारते, पण बरणी हलवत नाही. तळाशी नवे खडे दिसले की आपला खडा काढून ठेवायचा, द्रावण गरम करून ते विरघळवायचे, निवल्यावर परत सोडायचा.

मनासारखा झाला की पुसून त्यावर बिनरंगी नेलपॉलिश लावा. कोरड्या हवेत तुरटीतलं पाणी उडून तिची चमक जाते. द्राक्षबागेसाठी मिळणाऱ्या मोरचुदाचे निळे खडेही याच रीतीनं वाढतात, पण मोरचूद विषारी आहे. तो मी एकटाच करतो, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात परत जात नाहीत.