तुम्ही विचारलंत म्हणून: गेलेल्या माणसाचे कागद कशाला उकरायचे?

नवऱ्याच्या ग्रीक पणजोबांचा मी शोध घेते आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो. पुण्याची मावशी स्पष्ट बोलणारी. ती म्हणते, "अगं, तुझ्या रक्ताचासुद्धा नाही तो माणूस. त्याची लक्तरं वेशीवर कशाला टांगतेस?" इथे पर्थमध्ये सासरची मंडळी तेच जरा मऊ शब्दांत विचारतात. माझं लिखाण वाचून ओळख नसलेली माणसंही विचारू लागली आहेत, तर एकदा नीट उत्तर देते.

सुरुवात एका नावापासून झाली. ग्रीक घरात थोरल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं, नाव देतात. शिवाय सरकारी कागदावर माणसाच्या नावामागे बापाचं नाव आपल्यासारखंच येतं. त्यामुळे मला हा वंशवृक्ष मांडायला अवघड गेलं नाही. पण सासूबाईंच्या माहेरी आजोबांचं नाव कुणालाच नाही. तीन भाऊ, त्यांची मुलं, नातवंडं, आणि एकालाही ते नाव दिलेलं नाही. घरात कोणी काही बोललं नव्हतं, तरी त्या माणसाला घरातून पुसलेलं आहे हे एवढ्यावरून कळत होतं. सासूबाईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "ते आजारी होते."

ते मूळचे कास्तेलोरिझोचे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम 2 किलोमीटरवरचं हे चिमुकलं बेट. अनातोलियाचं लाकूड आणि कोळसा शिडाच्या जहाजांतून अलेक्झांड्रियाला पोचवायचा, यावर बेट श्रीमंत झालं होतं. आगबोटी आल्या आणि तो धंदा बसला. त्यातच 1909 साली बेटावर राज्य असलेल्या ऑटोमन (तुर्की) सरकारने ख्रिस्ती तरुणांनाही सक्तीच्या लष्करभरतीत आणलं. पोरं बेट सोडून निघाली ती तेव्हापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिथे नऊएक हजार वस्ती होती तिथे आज काही शेकडा माणसं उरली आहेत. पर्थमध्ये मात्र 1912 पासून त्यांचं मंडळ आहे, आपल्या महाराष्ट्र मंडळासारखं.

बायकोला दिवस गेलेले असताना तिला बेटावर ठेवून पणजोबा पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरात उतरले. आगबोटीच्या यादीत त्यांच्यापुढे राष्ट्रीयत्व लिहिलं आहे: तुर्की. बेट तेव्हा ऑटोमन होतं. 1913 मध्ये बेटावरच्या लोकांनी तुर्की अधिकाऱ्यांना हाकललं, 1915 च्या अखेरीस फ्रेंच आले, 1921 मध्ये इटालियन, आणि ग्रीसमध्ये बेट सामील झालं थेट 1948 साली. बेट कुठे हललं नाही, पण आमच्या पणजोबांच्या प्रत्येक कागदावर देश वेगळा आहे.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा कागद 1916 चा. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात प्रत्येक परदेशी माणसाला पोलीस ठाण्यात नोंद करणं सक्तीचं झालं, पत्ता बदलला तरी जाऊन सांगायचं. हे नोंदणीचे फॉर्म आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पणजोबांच्या फॉर्मवर 'तुर्की' लिहून एक आडवी रेघ मारली आहे आणि वर बारीक अक्षरात 'ग्रीक' लिहिलं आहे. उंची, बांधा, डोळ्यांचा रंग, डाव्या तर्जनीवर जुन्या जखमेचा वण. खाली अंगठ्याचा ठसा, आणि ठशाच्या बाजूला ग्रीक अक्षरांत स्वच्छ, वळणदार सही. घरात सगळे त्यांना अडाणी समजत होते. ती सही मी मोठी करून सासूबाईंना दाखवली तेव्हा त्या बराच वेळ स्क्रीनवरून नजर काढेनात.

त्या वेळी त्यांचं कालगुर्लीला फळांचं दुकान होतं. कालगुर्ली म्हणजे पर्थपासून सुमारे 600 किलोमीटर आतलं सोन्याच्या खाणींचं गाव. ग्रीसचा राजा कॉन्स्टंटाइन हा जर्मन कैसरचा मेव्हणा, तो पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिला म्हणून ऑस्ट्रेलियात ग्रीकांकडे संशयाने बघत होते. सरकारने पोलिसांकरवी ग्रीकांची गुप्त शिरगणतीसुद्धा करवून घेतली होती. डिसेंबर 1916 च्या सुरुवातीला अथेन्समध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांवर गोळीबार झाल्याची बातमी आली आणि काही दिवसांत कालगुर्ली आणि शेजारच्या बोल्डरमध्ये जमावाने ग्रीकांची दुकानं फोडली. आता बघा, यातले कितीतरी दुकानदार कास्तेलोरिझोचे. त्यांचा त्या राजाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांचं बेट तर त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यात होतं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याच बाजूला. हे त्या रात्री कोण कुणाला समजावणार?

त्या दिवसांची वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. फुटलेल्या काचा, रस्त्यावर फेकलेला माल, पळवलेल्या सिगारेटी, सगळं बारकाईने लिहिलं आहे. दुकानाच्या मालकाने ती रात्र कुठे काढली, हे मात्र मला कुठेच सापडलेलं नाही.

पुढची काही वर्षं ते पर्थमध्ये हातगाडीवर फळं विकत होते. मग पुन्हा छोटं दुकान, मग बायको आणि न पाहिलेला मुलगा बेटावरून आले. याच सुमारास वर्तमानपत्रात त्यांची एक जाहिरात आहे. 1920 च्या कायद्याखाली नागरिकत्व हवं असेल तर अशी जाहिरात देत: मी अमुक, राष्ट्रीयत्व ग्रीक, जन्म कास्तेलोरिझो, इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहतो, अर्ज करू इच्छितो. त्याआधीच्या 1903 च्या कायद्यात आशियातल्या मूळ रहिवाशाला अर्जच करता येत नसे. आज मी त्याच देशाची नागरिक म्हणून हे वाचते, आणि तो कायदा वाचताना माझा घसा दर वेळी कोरडा पडतो.

नंतर महामंदी आली. दुकान बुडालं, घेणेकरी कोर्टात गेले. वर्तमानपत्रातल्या पोलीस कोर्टाच्या सदरात त्यांचं नाव दिसू लागतं: दारू पिऊन गोंधळ, दंड. काही महिन्यांनी पुन्हा तेच. नंतर एका मनोरुग्णालयाची दाखल-नोंद. राष्ट्रीयत्व: इटालियन. जवळचे नातेवाईक: रकाना कोरा. बायको आणि मुलगा त्याच शहरात राहत होते. लाजेने कोणी पुढे आलं नाही, की कोणी विचारलंच नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवणारही नाही. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ आहे: रुग्ण परक्या भाषेत पुटपुटत असतो.

या ओळीपाशी मी फार दिवस थांबले. वीसेक वर्षं इंग्रजीत फळं विकलेला माणूस शेवटी आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता. ते 'पुटपुटणं' ठरलं, कारण ऐकणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं आणि दुभाषा कोणी बोलावला नाही. ज्या दिवशी त्यांनी मुलाला पहिल्यांदा धक्क्यावर बघितलं त्या दिवसाची कुठेही नोंद नाही. पोलीस, कोर्ट, दवाखाना यांच्या वह्यांत माणूस येतो तो त्याच्या वाईट दिवशी. ज्या वर्षांत तो सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी बंद करतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात, ती वर्षं वह्यांत कोरी असतात. म्हणून मी कोऱ्या वर्षांचाही हिशेब धरते. आमच्या पणजोबांची कोरी वर्षं नोंदींच्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मावशीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. लक्तरं मी टांगत नाही, ती केव्हाच टांगली गेली आहेत, 1930 च्या दशकातल्या वर्तमानपत्रात, छापील, नावानिशी. घरच्यांच्या गप्प राहण्याने फक्त त्या माणसाची बाजू मांडायची राहिली. तुर्की, ग्रीक, इटालियन असे शिक्के बसत गेले, दुकान फोडलं गेलं, मंदीने दुसरं दुकान खाल्लं. हे एका रांगेत लावल्यावर 'दारुडा' हा एकच शब्द पुरत नाही.

तुमच्याही घरात असं पुसलेलं कोणी असेल आणि शोधायचं मनात असेल, तर नावाच्या एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. एकच ग्रीक आडनाव कारकुनागणिक बदलतं, आणि पानायोतिसचा पीटर, कॉन्स्तान्तिनोसचा कॉन होतो. माझं काम बापाच्या नावाने आणि गावाच्या नावाने जास्त झालं. जन्मतारीख जुळली नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका. ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी दिनदर्शिका एकोणिसाव्या शतकात आपल्या वापरातल्या तारखेच्या 12 दिवस मागे होती. आणि बायकांचे कागद वेगळे मागवा. नवऱ्याच्या फाइलमध्ये त्यांना एका ओळीत उरकलेलं असतं.

पणजीच्या नागरिकत्वाची फाइल मी आता मागवली आहे. नवऱ्याच्या मागे तिने मुलाला कसं वाढवलं, कुठे राहिली, कोणी तिच्या चारित्र्याचा दाखला दिला, हे त्यात असावं अशी माझी अटकळ आहे. अर्ज भरताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. गावाच्या रकान्यात मी कास्तेलोरिझो लिहिलं, तर म्हणाल्या, "मेगिस्ती असंही लिही, आजी तेच म्हणायची." त्यानंतर त्यांनी आजोबांबद्दल पहिल्यांदा स्वतःहून विचारलं: फॉर्मवर डोळ्यांचा रंग काय लिहिला होता? मी सांगितलं, करडा. त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे तसेच आहेत.