उभ्या बॉयलरची नोंद, ७ : चोर जेट नव्हतंच

छोट्या वाफेच्या इंजिनासाठी मी घरी तांब्याचा लिटरभराचा उभा बॉयलर बनवतोय, आणि त्याचा गॅस बर्नर बॉयलरखाली सरकवला की विझतो. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदललं की काम फत्ते. ते वाक्य मागे घेतो. तीन आठवडे, तीन जेटं आणि ब्युटेनचे सहा कॅन संपवल्यावर परवा रात्री गच्चीवर कळलं, की मी ज्याची कॉलर धरून बसलो होतो ते जेट बिचारं निर्दोष होतं.

आधी चांगली बातमी, कारण ती मला मिरवायची आहे. पाण्याची चाचणी, म्हणजे बॉयलर पाण्यानं भरून तो दाब सोसतो का ते बघणं, झाली! चालवायचा दाब ३ बार, म्हणून पहिल्या चाचणीला दुप्पट, म्हणजे ६ बार. पहिल्या प्रयत्नात साडेचारला वॉटरगेजच्या (आतलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या) खालच्या बुशापाशी, म्हणजे ती बसवायच्या कड्यापाशी, घाम फुटल्यासारखा एक थेंब आला. पुसला, परत आला. मग सांधा नव्यानं जोडायला अख्खा बॉयलर पुन्हा भट्टीच्या विटांत, पुन्हा फ्लक्स, पुन्हा टॉर्च, पुन्हा सायट्रिक ॲसिडच्या बादलीत रात्रभर. दुसऱ्या वेळी ६ बारला काटा अर्धा तास जागचा हलला नाही. मी स्टूल घेऊन समोर बसलो होतो. घरच्यांना वाटलं मॅच बघतोय.

दोघांनी विचारलं होतं की कंप्रेसर असताना पाण्याची कटकट कशाला. लिटरभर हवा ६ बारला दाबली की तिच्यात शेकडो ज्यूल साठतात. तेवढ्याच पाण्यात एक ज्यूलचा दहावा भागही नाही. सांधा सुटला तर पाणी पायावर सांडतं, हवा तांब्याचा तुकडा तोंडावर फेकते. आपला लिटरभराचा बॉयलर २५ लिटरच्या आत असल्यामुळे बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे तपासायला निरीक्षक येणार नाही. तेव्हा निरीक्षक आपणच.

सांधे जोडायला वितळवतात त्या चांदीच्या सळयांबद्दल एवढंच, की ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या पुड्यावर ‘४५ टक्के’ लिहिलेलं होतं, कॅडमियम आहे की नाही याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं तर उत्तर नाही. परत पाठवला. कॅडमियमचा धूर फुप्फुसात घेऊन कोणाचं भलं झालेलं नाही. उलट बॉयलरची टोकं बंद करणाऱ्या थाळ्यांच्या कडा ठोकून वळवायला तांबट आळीतल्या काकांनी जे शिकवलं त्याला तोड नाही. ‘तांबं कडक झालं की ते आवाजात सांगतं, तेव्हा हात थांबव आणि तापव,’ म्हणाले. खरंच टण्ण असा वेगळा आवाज येतो.

आता मूळ दुखणं. बर्नर बाहेर टेबलावर पेटवला की निळी, घट्ट, गुरगुरणारी ज्योत. बघत राहावं अशी. तोच फायरबॉक्सखाली, म्हणजे बॉयलरच्या बुडाच्या जळणाच्या पेटीखाली, सरकवला की पहिली दोन मिनिटं ठीक, मग ज्योतीची टोकं पिवळी, मग ती जेटच्या डोक्यावरून उचलल्यासारखी तरंगते, डोळे चुरचुरतात आणि सातव्या मिनिटाला फुस्स. ०.३० मिमीचं जेट होतं. ‘गॅस कमी पडतोय’ म्हणून ०.३५ लावलं, तर चार मिनिटांत विझला. ०.२५ लावलं तर बारा मिनिटं टिकला. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी काय केलं? गॅसमध्ये हवा मिसळते त्या मिक्सिंग ट्यूबची भोकं मोठी केली, बर्नरवरची जाळी बदलली, कॅन गार पडून दाब उतरतो म्हणून त्याला कोमट पाण्याच्या भांड्यात बसवलं. कॅन गार पडतो हे खरं आहे, पण त्या नादात आठवडा गेला.

तिढा सोडवला भाच्यानं. वय वर्षं अकरा. त्याला काही तरी काम हवं म्हणून हातात उदबत्ती दिली आणि सांगितलं, फायरबॉक्सच्या खालच्या फटीपाशी धर, धूर आत जातो का बघ. पेटवल्यावर मिनिटभरानं म्हणाला, “मामा, धूर माझ्याकडेच येतोय.” मी म्हटलं वाऱ्यामुळे असेल. “वारा तुझ्या बाजूनं आहे.”

धूर वर खेचून नेणारी ओढच नव्हती. चुलीत लाकडं ठासली की धूर डोळ्यांत येतो, हे आजीला गणिताशिवाय ठाऊक होतं. मला मात्र कागद लागला.

गॅस किती जळतो ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅन ठेवून मोजलं: दहा मिनिटांत २५ ग्रॅम, म्हणजे १.९ किलोवॅटच्या आसपास. एक घनफळ ब्युटेनला ३१ घनफळं हवा लागते, शिवाय थोडी जादा. तापल्यावर हा सगळा ऐवज तिपटीनं फुगतो आणि आतून १० मिमीच्या, १५० मिमी लांब अशा, बॉयलरमधून धूर वर नेणाऱ्या सात नळ्यांतून जायचा म्हणतो. वेग येतो सेकंदाला ४ मीटरच्या घरात. घर्षण आणि तोंडाशी होणारा तोटा धरून १२ पास्कल दाब लागतो. पाव मीटरचं धुराडं गरम हवेच्या हलकेपणावर देतं जेमतेम दीड पास्कल. जमा दीड, खर्च बारा.

पास्कल ऐकायला क्षुल्लक. १० पास्कल म्हणजे एक मिलिमीटर पाणी! ते मोजायला सलाईनची नळी दहास एक उतारावर लाकडी पट्टीला बांधली, शाईचं पाणी भरलं आणि ते नळीला चिकटून अडू नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. एक मिलिमीटर आता दहा मिलिमीटर दिसतो. फायरबॉक्सला ३ मिमीचं भोक पाडून जोडलं. बर्नर चालू असताना शाई ९ मिमी बाहेर सरकली. फायरबॉक्समध्ये बाहेरपेक्षा ९ पास्कल जास्त दाब. हिशेब सांगत होता दहा-साडेदहा. या वेडगळ पट्टीनं जे समाधान दिलं ते महागड्या डिजिटल मीटरनं दिलं नसतं, असं मी बायकोला पटवतोय.

ज्योत उचलली का जात होती, तेही उलगडलं. कॅनमध्ये दाब बाहेरपेक्षा सव्वा-दीड बार जास्त. एवढ्या फरकाला जेटच्या भोकात गॅस ध्वनीच्या वेगाला पोचून चोक होतो, त्यामुळे पलीकडच्या ९ पास्कलांना तो विचारतही नाही. हवा मात्र गॅसच्या झोताबरोबर फुकट ओढली जाते, तिला ९ पास्कलसुद्धा डोंगर. म्हणजे गॅस तेवढाच, हवा कमी, आणि खालच्या फटीतून परत येणारा जळका धूर तिच्यातच मिसळलेला. मोठं जेट लावून मी घुसमटणाऱ्याच्या तोंडात आणखी एक घास कोंबत होतो.

स्टीफन्सनच्या १८२९च्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनाला तांब्याच्या २५ नळ्या होत्या आणि सिलिंडरमधून निघालेली वाफ धूर ओढून न्यायला धुराड्यात वर सोडलेली होती. या दोन गोष्टी जोडीनं येतात हे कितीदा वाचलं असेल. मी नळ्या घेतल्या, वाफेचा झोत विसरलो.

मग ताबडतोब वाफेच्या झोताच्या जागी हवेचा झोत म्हणून गाडीचा टायर भरायचा १२ व्होल्टचा पंप आणला, त्याच्या नळीच्या टोकाला बाइकच्या कार्ब्युरेटरचं जुनं पायलट जेट ठोकलं आणि ते धुराड्याच्या बुडाशी, मधोमध, वर तोंड करून बसवलं. पंप सुरू. शाई शून्यावरून पलीकडे गेली, उणे ४. ज्योत खाली बसली, निळी झाली, आणि बॉयलरमधून सायीसारखा मऊ घुर्रर्र आवाज यायला लागला. अकरा मिनिटांत १ बार, सतरा मिनिटांत ३. भाच्यानं शिट्टी वाजवली. शेजारच्या गच्चीवरचे आजोबा कुकर कुणाचा म्हणून डोकावले.

इथे नोंद संपवणार होतो, पण काटा थांबेना. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला, मस्त फुसफुसला आणि तरीही ३.२, ३.३, ३.५. पूर्ण आगीवर दाब दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढता कामा नये, म्हणजे ३.३ ही हद्द. गॅस बंद केला. कवचाला काही धोका नव्हता, २ मिमी भिंतीत ३ बारला ताण येतो ७.५ मेगापास्कल, आणि ६ बार तर तपासलेलेच आहेत. पण जो व्हॉल्व्ह आगीला पुरा पडत नाही तो दागिना झाला. ओढ नव्हती तोवर त्याची परीक्षाच झाली नव्हती.

पहिला विचार, मोठा व्हॉल्व्ह करू. त्यासाठी बुश मोठं, म्हणजे वरच्या थाळीला परत टॉर्च. कागद पुढ्यात होताच म्हणून इंजिनाची भूक मोजली: १६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १६ मिमी स्ट्रोक (दट्ट्याची धाव), दोन्ही बाजूंनी वाफ, मिनिटाला ४०० फेरे. ३ बारला मिनिटाला साडेपाच ग्रॅम वाफ. गार सिलिंडरमध्ये पाणी होऊन जाते ती धरून दुप्पट म्हणू. अर्धा किलोवॅट! निम्मी उष्णता धुराड्यातून गेली तरी एक किलोवॅटात भागतं. मग मी दोन किलोवॅट कुणासाठी जाळतोय?

०.२० मिमीचं जेट डबीत पडून आहे, ‘फारच बारीक’ म्हणून कधी लावलंच नाही. क्षेत्रफळ ०.३०च्या ४४ टक्के, म्हणजे ०.८५ किलोवॅटच्या आसपास. थोडं कमीच, पण ४००ऐवजी ३५० फेरे घेईन. नळ्यांतला तोटा बाराचा चार-पाचावर येईल, व्हॉल्व्हवरचा बोजाही निम्म्याहून कमी. धुराडं अर्ध्या मीटरचं केलं तर तीनेक पास्कल तेच देईल आणि उरलेलं इंजिनाच्या निकासाची वाफ ओढेल. वाफ नसेल तेव्हा टायरचा पंप. बॉयलरला हात लावायची गरजच नाही.

लांब धुराडं दिसायला बेढब होणार. लिहिता लिहिता सुचतंय की ते दोन तुकड्यांत करावं, वरचा नुसता सरकवायचा, फोटोपुरता काढून ठेवता येईल. बोहरी आळीत ३२ मिमीची पितळी नळी मिळाली तर शनिवारी जातो. रविवारी ०.२०, शाईची पट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही एकदम. भाच्याला उदबत्ती घेऊन बोलावलं आहे.